जिनिंगच्या ॲपसाठी वजनाचा एकच कंपोनंट कसा बनवावा

हिंगणघाट, वणीकडच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) कापसाची गाडी आली की तिचं वजन काटापट्टीपासून (वजनाच्या पावतीपासून) चुकाऱ्यापर्यंत (शेतकऱ्याला पैसे देण्यापर्यंत) ॲपच्या अनेक स्क्रीनवर लागतं. प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळा कोड लिहिला, की नियम एका ठिकाणी बदलतो, बाकी ठिकाणी जुनाच राहतो आणि शेतकऱ्याच्या हातातली पट्टी चुकाऱ्याशी जुळत नाही. म्हणून वजनाचा कंपोनंट, म्हणजे अनेक स्क्रीनवर तसाच वापरता येणारा ॲपचा तुकडा, एकदाच बांधा.

१. आधी काटापट्टी समोर ठेवा. तिच्यावर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ असे तीन आकडे असतात. निव्वळ कोणालाच टाइप करू देऊ नका, ते वजाबाकीतूनच यावं: २,६४० − १,२८० = १,३६० किलो.

२. नोंद पूर्ण किलोत घ्या, साठवाही किलोतच. क्विंटलमध्ये घेतली तर घोळ ठरलेला: १२ क्विंटल ५ किलोसाठी कोणी १२.५ लिहितो आणि ॲप ते १२ क्विंटल ५० किलो समजतं. थेट ४५ किलोंचा फरक! '१३ क्विंटल ६० किलो' हे फक्त दाखवण्यापुरतं.

३. मराठी कीबोर्डवरचे आकडे जावास्क्रिप्ट संख्या मानत नाही. इनपुटचा प्रकार 'नंबर' न ठेवता 'टेक्स्ट' ठेवा, इनपुटमोड 'न्यूमरिक' द्या आणि देवनागरी आकडे आत घेतानाच इंग्रजी आकड्यांत बदला.

४. सगळ्यात महत्त्वाचं: आपण कोणत्या स्क्रीनवर आहोत हे कंपोनंटला कळता कामा नये. त्याला आकडे, अवस्था आणि चूक दाखवणारा संदेश बाहेरून द्या. त्याने फक्त 'वजन बदललं' एवढं कळवावं. सर्व्हरला पाठवणं, मंजुरी तपासणं हे स्क्रीनचं काम. 'सुपरवायझर असेल तर बदलू द्या' अशी अट आत घातली, की तोच कंपोनंट दुसरीकडे चालत नाही. 'फक्त वाचा' ही अवस्था बाहेरून द्या.

५. अवस्था पाच ठेवा: रिकामा, भरताना, चूक, फक्त वाचा, पाठवायचं बाकी. रेंज गेली तर स्क्रीनने नोंद फोनमध्ये ठेवावी आणि तिचा क्रमांक फोनवरच बनवावा, नाहीतर पुन्हा पाठवताना एकाच गाडीच्या दोन नोंदी होतात. संदेश 'अवैध' नको. 'रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त आहे' असं स्पष्ट लिहा.

६. शेवटी तोच कंपोनंट सरकीच्या विक्रीला लावून पाहा. कापसाची गाडी भरलेली येते, सरकी न्यायला येणारा ट्रक रिकामा. तिथे रिकामं वजन आधी होतं. 'भरलेलं आधी' हा क्रम आत पक्का केला असेल, तर तो इथेच अडतो. कोणतं वजन कधी सक्तीचं, हेही बाहेरूनच द्या.