गाडीत स्क्रीन लावली, आता ती मंद करा

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की माझ्या दुकानासमोर पिकअप उभ्या राहायला लागतात. मागणी ठरलेली. "भाऊ, मोठी स्क्रीन टाकून दे, मांगचा कॅमेरा पण लाव. सगळं दिसलं पायजे." मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. त्याआधी नऊ वर्षं मीच पिकअपवर होतो, कापूस हिंगणघाटला न्यायचा आणि येताना सरकीची ढेप आणायची. स्क्रीन बसवायला अर्धा दिवस पुरतो. पण ती रात्री डोळ्यात जाऊ नये म्हणून जो पाऊण तास द्यावा लागतो, तो फारसं कोणी देत नाही. बसवणाराही देत नाही आणि मालकालाही घाई असते.

मीही दिला नव्हता. गेल्या जानेवारीत साळ्याच्या गाडीत नऊ इंची सेट टाकला आणि ट्रायल म्हणून रात्री दोघं वडकीकडे निघालो. नकाशा चालू, पडदा पांढराफेक, ब्राइटनेस दुपारी दुकानात ठेवली होती तेवढीच. वेग साठच्या आतबाहेर. रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि मला आधी दिसले ते त्याचे नुसते पाय. कट मारला, डावा आरसा त्याच्या पुठ्ठ्याला घासून दुमडला, रोही तुरीत शिरला. साळा बराच वेळ गप्प होता. मग म्हणतो, "भाऊजी, एवढ्या मोठ्या नकाशात रोही दाखवत नाही काय?"

साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. एक सेकंद उशिरा दिसलं तर तेवढा रस्ता गेलाच.

दुसऱ्या रात्री आम्ही पुन्हा तिथेच गेलो. रस्त्याकडेच्या बाभळीला रिकामं पोतं टांगलं, लांबून गाडी हळूहळू पुढे आणली. स्क्रीन लख्ख असताना पोतं जिथून दिसलं तिथे साळ्याने दगड ठेवला. मग स्क्रीन मंद केली, काही वेळ अंधारात बसलो आणि पुन्हा तेच केलं. दुसरा दगड पहिल्याच्या बराच मागे पडला. दोन्ही दगडांत माझी छत्तीस पावलं. हेडलाइट तेच, पोतं तेच, डोळेही माझेच. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि उजेडाकडे एकदा टक लावून पाहिलं की ते सगळं पाण्यात जातं.

आता काम कसं करायचं ते सांगतो.

नारिंगी वायर

सेटच्या मागे वायरींचा जुडगा असतो. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. या तीन जोडल्या की सेट चालू होतो आणि बसवणारा मोकळा होतो. त्याच जुडग्यात बहुतेक वेळा एक नारिंगी वायर असते, तिच्या चिठ्ठीवर 'आयएलएल' (ILL) छापलेलं असतं. ती पार्किंग लाइटच्या लाइनला जोडायची असते. म्हणजे लाइट लावले की सेटला कळतं रात्र झाली, आणि तो आपोआप मंद होतो. दुरुस्तीला आलेला सेट उघडला की मला ही वायर टेप गुंडाळून मागे कोंबलेलीच सापडते.

पार्किंग लाइटची लाइन शोधायला टेस्ट लॅम्प घ्या. त्याची क्लिप बॉडीला लावा आणि लाइटच्या स्विचमागच्या वायरी एकेक तपासा. पार्किंग लावल्यावर जिच्यावर लॅम्प पेटतो आणि बंद केल्यावर विझतो, ती आपली. नुसती पिळून टेप मारू नका, आपल्या रस्त्यांवर असा जोड चार महिन्यांत सैल होतो. सोल्डर मारा, वर स्लीव्ह चढवा. नंतर सेटिंगमध्ये जाऊन दिवसाची आणि रात्रीची ब्राइटनेस वेगवेगळी ठेवा. काही स्वस्त सेटमध्ये ही वायर नुसती शोभेची असते, जोडूनही काही होत नाही. तिथे रोज संध्याकाळी हातानेच कमी करायची, आणि त्याचं बटण पहिल्याच पानावर आणून ठेवायचं.

किती कमी, हे दुकानात कळत नाही. गावाबाहेर जा, जिथे खांबावरचा दिवा नाही तिथे गाडी उभी करा, हेडलाइट चालू ठेवून दहा मिनिटं बसा. मग अक्षरं जेमतेम वाचता येतील इथपर्यंत स्क्रीन उतरवा. दोन सेकंद स्क्रीनकडे बघा आणि लगेच समोर रस्त्याकडे. डोळ्यासमोर डाग तरंगला तर अजून उतरवा. लोकांना आधी ती फार काळी वाटते. साळ्यालाही वाटली होती.

नकाशाला रात्रीचा काळा रंग असतो, तो लावा. मीटरचा उजेड कमी करायला बऱ्याच गाड्यांत मीटरजवळच एक चकती किंवा खुंटी असते. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनीही तिला हात लावलेला नसतो. फिरवून पाहा.

एक गोष्ट बसल्या जागी तपासा. रात्री डोकं जरा हलवून उजव्या दाराच्या काचेत बघा. स्क्रीनचं प्रतिबिंब नेमकं तिथे पडतं, आणि पुष्कळदा थेट आरशावर. मागून येणाऱ्या मोटरसायकलचा दिवा त्यात हरवतो. स्क्रीन दोन बोटं डावीकडे किंवा खाली कलवली की प्रतिबिंब आरशावरून सरकतं.

डॅशबोर्डावरचं बाकीचं

शेगावच्या महाराजांची मूर्ती आमच्याकडे गाडीगाडीत असते, माझ्याही. तिच्याभोवतीची लाल-निळी लुकलुकणारी माळ मी काढून टाकली. महाराज रागावले नाहीत. ती माळ पुढच्या काचेत उमटते आणि नजर सारखी तिकडे ओढते. डॅशबोर्डाला तेलकट चमक आणणारी पॉलिशही नको, दुपारी सगळं डॅशबोर्ड काचेवर दिसतं. काच आतून पुसा. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा धूर काचेवर बसून धुरकट थर होतो, समोरून गाडी आली की तो पेटल्यासारखा दिसतो. ओल्या कपड्याने एकदा, कोरड्याने एकदा.

उन्हासाठी काळी फिल्म मागायला लोक येतात. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला हवा असा नियम आहे. मी ते काम घेत नाही.

संध्याकाळी वडकीहून राळेगावकडे येताना सूर्य नाकासमोर असतो. त्या वेळी स्क्रीनवर काही दिसत नाही म्हणून लोक ब्राइटनेस शंभरावर नेतात आणि तशीच विसरतात. त्यापेक्षा वर पुठ्ठ्याचं काळं छपरू करा, चार बोटांचं पुरतं. गॉगल पोलराइज्ड असेल तर स्क्रीन एका कोनात काळीठिक्कर दिसते. सेट बिघडला म्हणून दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे आली होती, मी त्यांना गॉगल काढायला लावला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा गाडी सावलीत, नाहीतर स्क्रीनवर दुपट्टा.

मागचा कॅमेरा

कापसाची गाडी भरली आणि वर जाळी बांधली की आतल्या आरशात फक्त पांढरं दिसतं. इथे कॅमेऱ्याला खरंच किंमत आहे. नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून मागचे सेन्सर सक्तीचे झाले. पिकअपवाले तेच सेन्सर लावून मागतात. पण सेन्सर आवाजाच्या लाटेवर चालतो. कापसाच्या गाठोड्यासारख्या मऊ वस्तू आवाज पिऊन टाकतात, बारीक तारही त्याच्यातून सुटते. मी कॅमेराच सुचवतो.

कॅमेरा फाळक्यावर लावू नका. माल उतरवायला फाळका पाडला की कॅमेरा जमीन दाखवतो, आणि फाळका आपटतो ते वेगळंच. नंबर प्लेटच्या वर आडव्या पट्टीला लावा. पिकअप १२ व्होल्टची, ट्रक २४ चा, तेव्हा पाकिटावर बघून घ्या. कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स लाइटला, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज. चित्राची केबल चेसिसच्या कडेने पाइपात घालून पुढे आणा, सायलेन्सरपासून हातभर लांब. उंदीर कापतात, घरामागे गोठा असेल तर नक्कीच, म्हणून पाइप कडक घ्या. सेटच्या जुडग्यात 'बॅक' लिहिलेली वायर असते, तिलाही रिव्हर्स लाइटचाच करंट द्या म्हणजे गिअर टाकल्याबरोबर चित्र येईल.

मग गाडीमागे उजव्या बाजूला बादली ठेवा. स्क्रीनवरही ती उजवीकडेच दिसायला हवी, आरशासारखी. डावीकडे दिसली तर कॅमेऱ्याच्या वायरीत छोट्या रंगीत कड्या असतात, त्यांतली एक कापली की चित्र पलटतं. दुसरी कापली तर रेषा जातात, तेव्हा आधी चिठ्ठी वाचा.

त्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेषांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. ठेवू नका, मोजा. मागच्या बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरवर चुन्याच्या रेघा ओढा आणि स्क्रीनवरची लाल रेष कुठे बसते ते बघा. हे भरलेल्या गाडीवर करा. माल भरला की स्प्रिंगचे पाटे बसतात, गाडीचं मागचं अंग खाली जातं, कॅमेरा जमिनीकडे झुकतो आणि लाल रेष गाडीच्या आणखी जवळ येऊन पडते. रिकाम्या गाडीवर जुळवलेली रेष भरल्या गाडीत एक मीटर म्हणते तेव्हा तिथे मीटर उरलेला नसतो. माझ्याकडच्या एकाने असाच शेजाऱ्याच्या तुळशीवृंदावनाला धक्का दिला. वृंदावन मग त्याने बांधून दिलं, वर शेजारणीच्या शिव्या खाल्ल्या.

कॅमेऱ्याच्या भिंगामुळे लांबचं आणखी लांब वाटतं, आणि बाजूने येणारं पोर त्यात शेवटच्या क्षणी दिसतं. म्हणून बाजूचे आरसे जुळवलेले हवेत, आपल्या गाडीची कड त्यात बोटभरच दिसावी. आणि वस्तीत मागे घेताना आधी खाली उतरून गाडीला एक चक्कर मारा. शेळ्या, कोंबड्या, पोरं, खाटेवर झोपलेलं म्हातारं माणूस, गाडीमागे काहीही असतं.

सेटची हँडब्रेकची वायर अर्थ करून द्या, म्हणजे गाडी चालतानाही व्हिडिओ दिसेल, असं महिन्यातून दोघं-तिघं तरी सांगतात. ती वायर हँडब्रेकच्या स्विचलाच लागते. शेजारचा दुकानदार करून देतो, त्याच्याकडे जा, असं मी म्हणतो.

पावसाळ्यात काळी माती भिंगावर चिकटते, वाळली की सिमेंट होते. कोरड्या कपड्याने घासली तर भिंगावर ओरखडे पडतात आणि रात्री मागच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. आधी पाणी ओता, माती फुगू द्या, मग बोटाने काढा. साळा दाराच्या कप्प्यात पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा ठेवतो. त्याचा डावा आरसा अजून तारेनेच बांधलेला आहे. सांगून सांगून थकलो.