लाल तिखट तेल घरी करताय? या चुका टाळा

नंदुरबारच्या पथारींवर वाळलेली मिरची घरी आली, तिखट कुटून झालं, की खिचडीवर आणि कळण्याच्या भाकरीवर घ्यायला बरणीभर लाल तेल करावंसं वाटतंच. ते फसतं बहुधा आचेमुळे. शेंगदाण्याचं तेल धूर निघेस्तोवर तापवून तसंच तिखटावर ओतलं, तर तिखट काळं पडून कडू होतं. मग त्यात वरून कितीही साधं तेल घाला, कडूपणा जात नाही. टाकून द्या.

तेल तापलं की गॅस बंद करा, थोडं निवू द्या आणि चिमूटभर तिखट टाकून पाहा. बारीक फेस आला आणि रंग लालच राहिला, तर ओता. लगेच काळपट झालं तर अजून थांबा. फेसच आला नाही, तर तेल जास्त निवलंय, रंग उतरणार नाही. लाकडी घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं, तिथे डोळा ठेवूनच उभं राहावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे रंगावरून तिखटपणा ठरवणं. बेडगीचं तेल लालभडक दिसतं पण बेताचं लागतं. लवंगीचं फिकं दिसून घाम काढतं. तिखटपणा मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याचा, आणि तो बियांपेक्षा मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांत जास्त असतो. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन भागत नाही, दही खा.

‘कितलं तिखट से?’ याचं उत्तर घरीही अंदाजाने काढता येतं. तेल ढवळून, गाळून घ्या. त्यातलं एक चमचा तेल एक चमचा साध्या तेलात मिसळा. त्यातलं एक चमचा पुन्हा एक चमचा साध्या तेलात, असं करत सहा-सात वाट्या लावा. चाखायचं मात्र उलटं, सगळ्यात फिक्या वाटीपासून, बिनमिठाच्या भातावर दोन थेंब घेऊन. तिखट उशिरा चढतं, म्हणून दर घासानंतर मिनिटभर थांबा. एका तेलाचा चटका चौथ्या वाटीपर्यंत जाणवला आणि दुसऱ्याचा सहाव्यापर्यंत, तर दुसरं साधारण चौपट तिखट. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये साखरेच्या पाण्यात मिरचीचा अर्क पातळ करत हेच केलं होतं. दोन्ही तेलांना चाखणारी जीभ एकच हवी. आणि पाहुण्यांसाठी अंदाज काढत असाल तर रोज ठेचा खाणाऱ्या आजोबांना मापाला बसवू नका.

लसणाच्या बाबतीत चेष्टा नको. कच्चा किंवा अर्धवट तळलेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली, की ओलावा आहे, हवा नाही आणि आंबटपणाही नाही, अशी जागा तयार होते. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू तिथे वाढतात, त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, आणि विष ना वासाला कळतं ना चवीला. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलातल्या लसणामुळेच अनेकजण आजारी पडले होते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात तर स्वयंपाकघरच भट्टी होतं. लसणाचं तेल थोडंच करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. ओली मिरची, कोथिंबीर घातलेल्या तेलालाही हाच नियम.

नुसत्या कोरड्या तिखटाचं तेल जास्त टिकतं, फक्त बरणी आणि चमचा कोरडे हवेत आणि जागा अंधारी. फ्रिजमध्ये तेल गढूळ होऊन थिजलं तर ते बिघडलं असं समजू नका. बाहेर काढलं की मोकळं होतं. खवट वास आला तर मात्र टाका.