छंद मंडळासाठी दायित्व विमा घेताना

छंद मंडळाची नोंदणी झालेली नसेल, तर कार्यक्रमात कोणाला इजा झाल्यास किंवा परक्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाईचा दावा थेट आयोजकांवर वैयक्तिकरीत्या येऊ शकतो. म्हणून सार्वजनिक दायित्व विम्याचा (अशी भरपाई आयोजकांच्या वतीने विमा कंपनीने देण्याचा) विचार पहिल्या कार्यक्रमाआधीच करावा. पॉलिसी वाचताना हप्त्याच्या रकमेपेक्षा अपवादांचे कलम आधी पाहावे. काही पॉलिसींमध्ये त्रयस्थ व्यक्तीचे नुकसान भरून मिळते, परंतु एका सदस्यामुळे दुसऱ्या सदस्याला झालेली इजा वगळलेली असते, आणि गिर्यारोहण किंवा सुतारकाम यांसारख्या छंदांत नेमका तोच धोका मोठा असतो. त्यामुळे मंडळ प्रत्यक्षात जे जे करते, ते सर्व प्रस्ताव अर्जात स्पष्ट लिहावे. ‘विविध उपक्रम’ असे मोघम (आणि लिहायला सोयीचे) शब्द दाव्याच्या वेळी अंगाशी येतात. सभागृहाचा मालक स्वतःचे नाव सहविमाधारक (त्याच पॉलिसीचे संरक्षण मिळणारा) म्हणून नोंदवण्याची अट घालू शकतो, तेव्हा भाडेकरार पॉलिसीशी ताडून पाहावा. सदस्यांकडून घेतलेले जोखीम स्वीकृतीपत्र विम्याला पर्याय नाही, कारण बाहेरच्या प्रेक्षकाने त्यावर सही केलेली नसते. अपघात किरकोळ वाटला, तरी विमा कंपनीला तो तत्काळ लेखी कळवावा. उशीर झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.