एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेवर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

नवोदितांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कथा-कादंबऱ्या त्यांत अधूनमधून असतातच. त्या बहुतेक एकाच जागी अडखळतात. नायिका धाडसी आहे हे कळतं, पण ते धाडस तिला कितीला पडलं हे कळत नाही.

नेहमीचा प्रसंग घ्या. गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यातलं शेतघर, रात्री दारावर थाप, बाहेर गुलामगिरीतून पळून आलेला माणूस. बाई क्षणाचाही विचार न करता दार उघडते. इथेच प्रसंग मेला. १८५० च्या कायद्याने पळालेल्याला आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. शेतमजुराची ती कित्येक वर्षांची कमाई. तेव्हा तिला विचार करू द्या. कडीवर हात ठेवून तिने गाय विकायचा हिशेब करावा, शेजारच्या घरात दिवा आहे का ते बघावं, आणि मग दार उघडावं.

याच कायद्यातला आणखी एक तपशील. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर मिळत, सोडून दिला तर ५. कारण काय, तर पहिल्यात कागदपत्रं जास्त! मिशीला पीळ देणारा खलनायक कशाला हवा? टेबलामागे बसून पावती फाडणारा कारकुनी माणूस पुरेसा आहे.

दुसरी चूक म्हणजे धैर्य फक्त गोऱ्या पात्रांना वाटून टाकणं. कनेक्टिकटमधल्या कँटरबरीच्या प्रुडन्स क्रँडलची गोष्ट अनेकांना भुरळ घालते. तिने १८३३ मध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली, राज्याने तिच्याविरुद्ध कायदाच केला, ती एक रात्र तुरुंगात राहिली. गावातल्यांनी विहिरीत शेण टाकलं. १८३४ मध्ये जमावाने खिडक्या फोडल्यावर शाळा बंद पडली. पण सुरुवात कुणी केली? सारा हॅरिस नावाच्या कृष्णवर्णीय मुलीने. मला शिकायचंय, प्रवेश द्या, असं तिने आधी विचारलं. कादंबरी तिच्यापासून सुरू करून बघा. आणि हे सगळं गुलामगिरीच्या दक्षिणेत नव्हे, उत्तरेत घडलं, हेही विसरू नका.

पळणाऱ्यांना वाट दाखवायला गोधड्यांच्या नक्षीत दडवलेले सांकेतिक नकाशे मात्र काढून टाका. दिसायला देखणे, पण त्यांना भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा पळून आलेल्यांना मदत करणाऱ्या, फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय विल्यम स्टिलच्या नोंदी वाचा. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-गाव तो लिहून घेई. १८५० मध्ये एक अनोळखी माणूस आईवडिलांची नावं सांगू लागला, आणि स्टिलला उमगलं की हा तर आपलाच भाऊ, आपल्या जन्माआधी दक्षिणेत राहून गेलेला.

आता खास मराठी खड्डा. गुलामांच्या तोंडी सरसकट आपली गावरान बोली घालू नका, वाचकाला व्हर्जिनियाऐवजी वऱ्हाड दिसतं. इंग्रजीत नसलेलं 'तू' आणि 'तुम्ही' मात्र आपल्याकडे आहे, ते वापरा. मालकाचा दहा वर्षांचा पोरगा पिकल्या केसांच्या माणसाला 'तू' म्हणतो, तो उलट 'तुम्ही' म्हणतो. बाकी काही सांगावं लागत नाही. 'अंकल'चं भाषांतर 'काका' करताना जपून. वयस्कर कृष्णवर्णीयाला 'मिस्टर' म्हणावं लागू नये म्हणून गोरे लोक तो शब्द वापरत. मराठी 'काका'त माया येते, तिथे ती नव्हती.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. हा धागा खरा आहे, पण म्हणून प्रत्येक मळेवाल्यात आपल्याकडचा सावकार शोधत बसू नका.

शेवटी तारखा. लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर भागांना लागू होता. गुलामगिरी असूनही बंडात न गेलेलं केंटकी राज्य त्यात नव्हतं. तुमचं पात्र तिथलं असेल आणि लष्करात भरती झालं नसेल, तर त्या सकाळी त्याला अंगणात नाचवू नका. गुलामगिरी संपवणाऱ्या डिसेंबर १८६५ मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत कायद्याने तो मालकाचाच आहे, आणि गोठ्यातली गुरं त्याची वाट बघतायत.