माउंटन बाइकवरून जोरात पडलात? बरं होताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की गोव्यात सत्तरी, सांगे, धारबांदोडा या बाजूला चिऱ्याच्या दगडांवर शेवाळ धरतं, काजूच्या बागांतल्या पायवाटा पाचोळ्याखाली दिसेनाशा होतात आणि एमटीबीवाल्यांच्या, म्हणजे माउंटन बाइक चालवणाऱ्यांच्या, पडण्याचा सीझन सुरू होतो. पुढचं चाक घसरलं की माणूस हँडलबारवरून जातो तो थेट खांद्यावर नाहीतर पुढे टेकलेल्या हातावर, म्हणून आपल्याकडे कॉलरबोन (गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड), मनगट आणि गुडघा हीच नावं परत परत ऐकू येतात. कसं पडू नये यावर सगळे बोलतात. पडल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांवर कोणी फारसं बोलत नाही, आणि मी बघितलंय त्याप्रमाणे बऱ्याच जणांचं कायमचं नुकसान नेमकं याच काळात होतं. त्यामुळे जे जे डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय ते सगळं इथे लिहितोय.

दुखायचं थांबलं म्हणजे जुळलं असं धरून चालणं

बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच येतात, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

हाड मोडलं की दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या जागेभोवती मऊ जोड तयार होतो, तो टोकं हलू देत नाही आणि म्हणून दुखणं झपाट्याने कमी होतं. हाड मात्र अजून कच्चं असतं. स्लॅब टाकला की तो वरून वाळलेला दिसतो तरी सेंट्रिंग कोणी लगेच काढत नाही ना, तसंच आहे हे. मोठ्या माणसाच्या कॉलरबोनला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, नडगीचं हाड मोडलं असेल तर ४ ते ६ महिनेसुद्धा लागतात, आणि आतली नीट घडण तर त्यानंतरही कितीतरी महिने चालूच असते.

आपल्याकडे हे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, हमखास दिसतं. जुलैमध्ये पडलेला माणूस चवथीपर्यंत स्लिंग (हात अडकवायची गळ्यातली झोळी) काढून बसलेला असतो, हात दुखत नसतो, घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधायची असते आणि हा शिडीवर चढतो. दोन्ही हात डोक्याच्या वर, एका हाताने नारळांचा घड धरलेला, दुसऱ्याने गाठ मारायची चाललेली. कॉलरबोनला यापेक्षा वाईट पोझिशन शोधून सापडणार नाही, कारण हात खांद्याच्या वर गेला की ते हाड स्वतःभोवती फिरतं आणि वरून वजनाचा ताण येतो तो वेगळाच. एक वर्ष माटोळी भावाने नाहीतर शेजाऱ्याने बांधली तर देव रागावत नाही. हात वर कधी न्यायचा आणि वजन कधी उचलायचं हे एक्स-रे बघून सर्जन सांगतील तेव्हाच.

पायाचंही तसंच. 'थोडं वजन टाकलं तर चालेल' असं डॉक्टर म्हणाले की प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. सोपा उपाय म्हणजे घरातला वजनकाटा. कुबड्या घेऊन उभं राहायचं, दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि डॉक्टरांनी २० किलो म्हटलं असेल तर काटा २० वर येईपर्यंत हळूहळू भार टाकायचा, असं चार-पाच वेळा केलं की पायाला तो अंदाज बसतो. मग चालताना तेवढंच. दर दोन-तीन दिवसांनी परत काट्यावर उभं राहून बघायचं कारण अंदाज हळूच वाढत जातो आणि आपल्याला कळतही नाही.

आणि स्लिंगमध्ये हात असताना स्कूटर नको, मागे बसूनसुद्धा नको. आपल्या रस्त्यांवर एक खड्डा पुरेसा आहे.

पहिला एक्स-रे क्लीन आला म्हणून मनगट विसरून जाणं

हात टेकून पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय तर हे वाचाच. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या बाजूला एक खोलगट खळगा दिसतो. तिथे बोटाने दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि हे हाड पहिल्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसतच नाही. म्हणून चांगला डॉक्टर शंका आली तर रिपोर्ट नॉर्मल असूनही प्लास्टर किंवा स्प्लिंट घालतो आणि १० ते १४ दिवसांनी परत एक्स-रे काढायला सांगतो, नाहीतर एमआरआय करून घेतो.

लोक तो दुसरा एक्स-रे काढायला जातच नाहीत. सूज उतरलेली असते, फणस-नारळ उचलताना थोडं कळ मारतं एवढंच, मग 'मुरगळलाय' म्हणून क्रेप बँडेज गुंडाळून राइड सुरू. या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या बाजूने उलटा येतो, त्यामुळे मधे मोडलं की आतल्या तुकड्याला रक्त पोचत नाही, हाड जुळत नाही आणि काही वर्षांनी मनगटात संधिवात बसतो. हँडलबार घट्ट धरणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं असंच उशिरा कळलं, शेवटी कमरेचं हाड घेऊन ग्राफ्ट आणि स्क्रू घालावा लागला, आणि त्याचं मनगट आजही पूर्ण मागे वळत नाही.

पोटाला हँडलबार लागला तो किरकोळ समजणं

हाड मोडलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. पण हँडलबारचं टोक पोटात घुसल्यासारखं लागलं असेल तर बाहेर फक्त गोल लालसर ठसा दिसतो आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. काही वेळा त्रास काही तासांनी सुरू होतो, कधी काही दिवसांनीही. पोट कडक होणं, चक्कर, घाम, आणि मार नसतानाही डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर घरी आलं-हळदीचा काढा पीत बसू नका, १०८ लावा नाहीतर सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) जा. लहान मुलांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्या. हँडलबारच्या टोकांची प्लगं हरवली असतील तर ती आजच बसवा, उघड्या पाइपचं टोक पोटात घुसलं की जखम फार वाईट होते.

डोक्याचा मार

हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, हे कवटीच्या बाबतीत खरं आहे. मेंदूला बसलेला हिसका हेल्मेट पूर्ण थांबवू शकत नाही. पडल्यावर आपण कुठे आहोत हे क्षणभर कळलं नाही, तोच प्रश्न परत परत विचारला, उजेड सहन होईना, मळमळलं, तर ते कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का, धरायचं आणि त्या दिवशी राइड संपली. मित्र 'ठीक आहे रे' म्हणाला तरी त्याला सायकलवर बसू द्यायचं नाही. उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढत चाललीये, झोप आवरत नाही, फिट आली, नाकाकानातून पाण्यासारखं काही येतंय, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाट न बघता दाखवायचं.

पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल-लॅपटॉप कमी. पुढे आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं हा जुना सल्ला आता देत नाहीत, हळूहळू चालणं, मग हलकी घरातली सायकल, असं एकेक पायरी वाढवायची आणि प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यायचा. लक्षणं परत जोर करायला लागली तर एक पायरी खाली. ट्रेलवर (रानातल्या सायकलच्या वाटेवर) जायचं ते सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, कारण मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर परिणाम पहिल्यापेक्षा खूप भयंकर होऊ शकतो. आणि ते हेल्मेट टाकून द्या. आतला फोम एकदाच दाबला जाण्यासाठी बनवलेला असतो, वरून तडा दिसत नसला तरी.

मालिश आणि घट्ट पट्ट्या

गावागावांत हाडं बसवणारे आहेत, घरची मोठी माणसं प्रेमाने तिकडे घेऊन जातात, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण कोपराला मार लागल्यावर जोरात तेल लावून मालिश केलं की स्नायूच्या आतच हाड तयार व्हायला लागू शकतं आणि मग कोपर सरळ होत नाही ते नाहीच. बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या की आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो. आजी-आईला समजावून सांगा, भांडू नका, हवं तर एक्स-रे त्यांनाही दाखवा आणि म्हणा की जुळल्यावर तेल तुमच्याच हातून लावून घेतो.

दवाखान्यातलं प्लास्टरसुद्धा घट्ट होऊ शकतं बरं का. बोटं गार, पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, किंवा बोटं कोणी सरळ केली की किंचाळावं इतकं दुखलं आणि गोळीनेही थांबेना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी जायचं. हातात फक्त काही तास असतात, उशीर झाला की स्नायू मरतात. बाकी पावसाळ्यात प्लास्टर कोरडं ठेवा, खाज आली म्हणून विणायची सुई किंवा पट्टी आत घालू नका, आणि हात उशीवर हृदयापेक्षा वर ठेवून बोटं दिवसभर हलवत राहा.

पाय बांधून पडलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी: पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ही इमर्जन्सी आहे.

फिजिओ 'नंतर बघू' म्हणणं

हे दुसरं टोक. काही जण घाईने हाड परत मोडतात, तर काही भीतीने हात-पाय इतका जपतात की सांधा गंजतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू एक-दोन आठवड्यांतच वितळल्यासारखा बारीक होतो, टेप लावून बघितलं तर फरक डोळ्यांना दिसतो. गुडघा किती वाकतो याच्या मागे सगळे असतात, पण तो पूर्ण सरळ होणं आधी महत्त्वाचं, नाहीतर चाल कायमची बिघडते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम कंटाळवाणा आहे, तरीही तो करा. खांद्याचं असेल तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून हात खाली सोडून लोलकासारखा हलवायचा व्यायाम सुरू करा, नाहीतर हाड जुळतं आणि खांदा जाम होतो.

फिजिओकडे जाताना डिस्चार्ज पेपर आणि ऑपरेशन नोट्स घेऊन जा, हाडाला कोणती प्लेट बसवली, किती वजन टाकायचं, काय करायचं नाही हे त्यात असतं. म्हापसा-फोंड्यापासून दूर राहणाऱ्यांना रोज जाणं जमत नाही, बसच्या वेळा बघता ते खरंच कठीण आहे, तर आठवड्यातून एकदा जाऊन पुढच्या आठवड्याचे व्यायाम मोबाइलवर शूट करून आणा.

सिगारेट, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. फेणी वगैरे काही दिवस बाजूला राहू दे, त्यानेही जुळणं मंदावतं आणि कुबड्यांवर तोल जातो तो वेगळा. जेवणात प्रथिनं वाढवा: तारले, बांगडे, अंडी, शाकाहारी असाल तर मूग, डाळी, दही, नाचणीचं सत्त्व. आजारी माणसाला फक्त पेज-लोणचं द्यायची पद्धत तापाला ठीक आहे, हाडाला पुरत नाही.

सरळ ट्रेलवर परत जाणं

आधी घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड), मग सपाट डांबरी रस्ता. दिवाडी बेट यासाठी छान आहे, फेरीने गेलात की शेतांमधून सपाट रस्ता, वाहनं कमी. चोर्ल्याचा घाट खूप नंतर, आणि चढापेक्षा उताराची काळजी जास्त, कारण ब्रेक दाबून धरण्यात मनगट आणि खांदा दोन्ही दमतात. ट्रेलवर जायच्या आधी स्वतःला तपासा: न दुखता पुशअप होतोय का, मान वळवून मागे बघता येतंय का, दोन्ही हातांनी ब्रेक सारखाच जोरात ओढता येतोय का, एका पायावर खाली बसून उठता येतंय का. एक जरी नाही आलं तरी अजून वेळ आहे.

सायकलही पडलीये हे विसरू नका. हँडलबार-स्टेमला ओरखडे, कार्बनला केसासारखी रेघ, वाकडा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग जिथे अडकवतात ती पट्टी), वाकडी ब्रेकची डिस्क, हे सगळं मेकॅनिककडून बघून घ्या. कार्बनचा हँडलबार जोरात आपटला असेल तर बदलाच.

भीती वाटते, जिथे पडलात तिथे गेल्यावर हात आपोआप ब्रेक दाबतो, हे सगळ्यांना होतं. पहिल्या दिवशी ती जागा नको, एकटं तर अजिबात नको, आतल्या भागात नेटवर्क नसतं तेव्हा घरी रूट सांगून जा. आणि प्लेट पुढे काढून घेतलीत तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड त्या जागी कमजोर असतं, त्यामुळे टाके सुकले म्हणजे झालं असं समजून जंपवर जाऊ नका, किती आठवडे थांबायचं ते काढायच्या आधीच सर्जनना विचारून ठेवा.