मे महिन्यात सगळा खटला, म्हणजे घरातली सगळी माणसं घेऊन शेतातल्या वस्तीवर जाताय? मग असं करा

सोलापूरच्या मे महिन्यात शेतात दिवस काढायचा तर उन्हाच्या वेळा सांभाळाव्याच लागतात. दहाच्या आत काय हिंडायचं ते हिंडून घ्या, अकरा ते चार लिंबाच्या सावलीतनं हलू नका, चारनंतर लेकरं परत मोकळी. पारा 42-43 ला सहज टेकतो इथं, म्हातारी माणसं आणि लहान लेकरं सोबत असतील तर यात चालढकल अजिबात नको.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुपारी चूल पेटवायची नाही. आजी, काकू, आत्या, वहिनी सगळ्या धुरात बसून वीस माणसांच्या भाकरी थापणार आणि बाकीचे बाजेवर लोळणार, असला निवांत दिवस काय कामाचा? आपल्या सोलापूरचं खाणंच असं आहे की बिनचुलीचं मस्त भागतं. कडक भाकरी आदल्या दिवशी विकत आणा, महिनाभर ठेवली तरी काही होत नाही तिला, दह्यात चुरून खा नाहीतर नुसती चटणी-तेलासोबत. शेंगाचटणी मात्र घरचीच करा. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, मग लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचे, आणि मिक्सरच वापरायचा असेल तर थांबून थांबून फिरवा. तेल सुटून चटणी बोटाला चिकटली पाहिजे, कोरडा भुगा झाला तर त्यात काही मजा नाही.

धपाटी पहाटे लाटून-भाजून न्या, ज्वारीचं पीठ, थोडं बेसन आणि गव्हाचं पीठ, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा. त्यात काकडी किंवा कांदा घालू नका, पाणी सुटतं आणि या उन्हात दुपारपर्यंत वास मारायला लागतात. पूर्ण गार होऊ द्या, मगच सुती फडक्यात बांधा, गरम गरम डब्यात कोंबली की घाम धरतात. विरजण रात्रीच लावा आणि तिथं गेल्यावर माठातलं पाणी घालून ताक घुसळायचं काम दाजींकडं द्या, कांदे फोडायचं मामांकडं, भांडी घासायला पोरं. सुरुवातीला कुरकुर होते, पण एकदा रवी हातात आली की दाजी सोडत नाहीत.

जायचं सकाळीच. एसटीनं गेलात तर सगळ्यांना परवडतं, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 75 च्या वरच्या आजी-आजोबांना फुकट, फक्त त्याला लागणारं ओळखपत्र जवळ ठेवा. फाट्यावरनं वस्तीपर्यंत म्हाताऱ्यांसाठी गाडीची सोय आधीच सांगून ठेवा, तेवढं अंतरही उन्हात जड जातं.

ज्वारी निघाल्यावर काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, लेकराचं पाऊल अडकेल एवढ्या. तिथं पळापळी नको आणि चप्पल पाहिजेच. कडब्याच्या गंजीत, दगडाखाली हात घालायचा नाही हे पोरांना जाताजाताच सांगा, विंचू-सापाचा भरवसा नाही. काही चावलंच तर गावठी उपाय करत बसू नका, 108 ला फोन लावा.

विहिरीला पाणी असेल तर दिवसाची खरी मजा तिथंच. पोहचल्या पोहचल्या कलिंगड गोणपाटात घाला, तोंड घट्ट बांधा, आणि दोरीनं विहिरीत सोडून द्या. गोणपाट भिजून जड होतं, पण कलिंगड तरंगत राहतं म्हणून दोरीला एक दगडही बांधा. दुपारी तीनला वर ओढलं की साल हाताला गारेगार लागतं आणि सुरी टेकवताच तडकतं. पोरांना पोहायला सोडायच्या आधी मोटार बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा, कारण लाईट कधी येईल सांगता येत नाही. पोटाला सुका भोपळा नाहीतर ट्यूब, वर दोरी धरून एक मोठा माणूस, आणि पाण्यात पट्टीचा पोहणारा एकजण. शेततळ्यात मात्र कुणीही उतरायचं नाही, अगदी पोहता येणाऱ्यानंही नाही. खालचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की कडेला येऊनही वर चढता येत नाही, आणि दरवर्षी कुठं ना कुठं पोरं जातात त्यात.

दुपारी वाकळ अंथरा, पत्ते काढा, मेंढीकोट खेळा, झोपा. आजीला जुन्या दुष्काळाचं विचारा, 1972 च्या खडी फोडायच्या कामाचं, तेव्हा खायला वाटायच्या त्या सुकडीचं, ती सांगायला लागली की मोबाईल आपोआप बाजूला पडतात. दर तासाला पन्हं नाहीतर ताक फिरवा, मागायची वाट बघू नका. कुणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटलं तर लगेच आडवं करून ओल्या फडक्यानं अंग पुसा, आणि बोलण्यात बरळायला लागलं तर सरळ दवाखाना गाठा.

चारच्या पुढं आभाळाकडं लक्ष ठेवा. कुठल्याही बाजूला काळं दिसलं, वारा सुटला की वळीव आलाच समजा. झाडाखालनं सगळे उठा, एकट्या झाडावर वीज पडते, पक्क्या घरात जा. पत्र्यावरचे दगड वाऱ्यानं घसरतात म्हणून शेडच्या कडेला उभं राहू नका. पाऊस अर्ध्या तासात उघडला तर निघायची घाई करू नका, वाळलेल्या धपाट्यांवर दही घाला आणि खाऊनच निघा, पण शेवटची एसटी किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.