गाडी उंच करताय? आधी शाफ्टचं रबर बघा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत एसयूव्हीचं पोट घासतं, म्हणून सोलापुरात सस्पेन्शन उचलून घेणारे बरेच. घ्या, पण एक-दीड इंचावर थांबा. त्याहून वर गेलात की ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो, सांध्यावरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडतं, माती आत शिरते आणि वळताना चाकातून कडकड आवाज येऊ लागतो. काम झाल्यावर गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळतं ठेवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि ब्रेकचा होज ताणत नाही ना, हे स्वतः वाकून बघा. अलाइनमेंट त्याच दिवशी, हेडलाइटचा झोतही खाली करून घ्या. मागे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस, असेल तर त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा स्प्रिंगने वर जात नाही; त्याला मोठा टायरच लागतो.